सिग्नलला तापते, पुलावर थंड होते: हेड उघडण्याआधी घरी काय पाहायचं

प्रश्न थोडक्यात असा. म्हापशाहून रोज पणजीला पाटोवर ऑफिसला जाणारी आठ-नऊ वर्षांची पेट्रोल गाडी. पर्वरीच्या गर्दीत अडकली की तापमानाचा काटा अर्ध्याच्या वर चढतो, मांडवी पुलावर जरा वेग धरला की आपोआप खाली येतो. त्याच वेळी एसी कोमट हवा मारायला लागतो. कूलंटच्या बाटलीत दर आठवड्याला थोडं पाणी घालावं लागतं. एका गॅरेजवाल्याने थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप) काढून टाकायला सांगितलं, दुसरा म्हणतो हेड (इंजिनाचा सिलिंडर झाकणारा वरचा भाग) उघडावं लागेल. घरच्या घरी काय तपासता येईल?

हेड एवढ्यात उघडू नका. थर्मोस्टॅटही काढू नका. निम्मं निदान तुम्ही स्वतःच करून दिलंय, फक्त ते कोणी नीट ऐकलेलं दिसत नाही. गॅरेजमध्ये येणारं गिऱ्हाईक बहुधा "गाडी गरम होते" एवढंच सांगतं आणि मग एकेक पार्ट बदलण्याचा खेळ सुरू होतो. गाडी कधी तापते, कुठे थंड होते आणि पाणी कमी होतं का, ही तीन उत्तरं मिळाली की पाना हातात घेण्याआधीच शोध बराच आवाक्यात येतो.

उभी असताना किंवा रांगेत सरकताना तापते आणि वेग धरला की निवते, म्हणजे रेडिएटरला हवा मिळत नाही. वेगात समोरून वारा येतो म्हणून भागतं, उभी राहिली की सगळी भिस्त फॅनवर. याच्या उलट, सिग्नलला ठीक असते पण चोर्ला नाहीतर अनमोड घाट चढताना, चार माणसं आणि सामान असताना काटा चढतो, तिथे हवा मुबलक असते पण पाणी पुरेसं फिरत नाही. रेडिएटरची जाळी आतून चोक, थर्मोस्टॅट अर्धवट उघडणारा, पाणी फिरवणाऱ्या पंपाची पाती झिजलेली नाहीतर मुळात पाणीच कमी. आणि सकाळी स्टार्ट केल्यावर पाच-सात मिनिटांत, गल्लीच्या तोंडाशीच जी तापते तिच्यात पाणी नसतं, हवा अडकलेली असते, थर्मोस्टॅट बंद अवस्थेत जाम झालेला असतो किंवा हेड पॅकिंग (हेड आणि इंजिन यांच्यामधलं सील) गेलेलं असतं.

तुमची गाडी पहिल्या गटातली. एसीने तर साक्षच दिली. एसीचा कंडेन्सर, म्हणजे एसीची उष्णता बाहेर टाकणारी जाळी, रेडिएटरच्या पुढ्यात बसवलेला असतो आणि बहुतेक गाड्यांत दोघांना एकाच फॅनची हवा लागते. उभ्या गाडीत इंजिन तापणं आणि एसी मंदावणं एकदम घडत असेल तर संशय फॅनवर किंवा जाळीत साचलेल्या कचऱ्यावर. थर्मोस्टॅट बिघडला म्हणून आधी एसी कोमट होत नाही. पाणी कमी होणं ही दुसरी तक्रार आहे. ती पहिलीचा परिणामही असू शकते, पण तपास वेगळा करायचा.

काम सुरू करण्याआधी एक गोष्ट, आणि इथे मी कोणाचं ऐकत नाही. इंजिन गरम असताना रेडिएटरचं टोपण उघडायचं नाही. टोपण सिस्टिममध्ये दाब धरून ठेवतं, साधारण 0.9 ते 1.1 बार, म्हणजे आपल्या वातावरणाइतकाच आणखी एक दाब. त्या दाबाखाली पाणी 100 अंशांना उकळत नाही, 120 च्या आसपास उकळतं; कूलंट मिसळलेलं असेल तर त्याहूनही वर. आतलं पाणी 110 वर असताना तुम्ही टोपण फिरवलंत की दाब जातो, ते सगळं एका क्षणात उकळतं आणि तोंडावर येतं. ज्या गाड्यांत रेडिएटरला टोपण नसून ते बाटलीवरच असतं, तिथेही हाच धोका. इंजिन बंद करून किमान अर्धा-पाऊण तास थांबा. वरचा जाड पाईप चिमटीत दाबून बघा. कडक आणि गरम असेल तर अजून थांबा. मऊ पडला असेल तर जाड फडकं ठेवून आधी पाव फेराच फिरवा, फुस्स आवाज पूर्ण थांबू द्या, मग काढा. दुसरं म्हणजे, काही गाड्यांत चावी काढल्यावरही फॅन अचानक सुरू होतो. फॅनजवळ हात घालायचा असेल तर बॅटरीची निगेटिव्ह केबल आधी सोडवा.

आता फॅन. गाडी अंगणात उभी करा, बॉनेट उघडा, इंजिन सुरू करून एसी लावा. बहुतेक गाड्यांत एसीचा कॉम्प्रेसर धरला की लगेच किंवा मिनिटभरात फॅन फिरायला हवा. फिरला तर मोटर जिवंत आहे. मग एसी बंद करा आणि इंजिन तसंच चालू ठेवून वाट बघा. साधारण 95 ते 100 अंशांच्या दरम्यान फॅन आपोआप लागला पाहिजे, थोडा वेळ फिरून बंद झाला पाहिजे आणि पुन्हा लागला पाहिजे. एसीवर फिरतो पण तापल्यावर लागत नाही, तर सेन्सर किंवा त्याचं कनेक्शन. कशानेच फिरत नाही, तर आधी फ्यूज बघा, मग रिले (फॅनला करंट देणारा विजेचा स्विच). फ्यूज बॉक्सच्या झाकणाच्या आत नकाशा छापलेला असतो. हॉर्नचा किंवा दुसरा कुठला रिले त्याच नंबरचा असेल तर अदलाबदल करून बघा. पैसे न लागता होणारी याहून सोपी तपासणी नाही. रिले ठीक असेल तर फॅनचा प्लग काढून मोटरला फ्यूज लावलेल्या जाड वायरने बॅटरीचा थेट करंट देऊन बघता येतं. ज्याला वायरिंगची सवय नाही त्याने ही पायरी इलेक्ट्रिशियनवर सोडावी.

फॅन फिरतो एवढ्यावर मात्र समाधान मानू नका. बऱ्याच गाड्यांत त्याला दोन वेग असतात आणि कमी वेग एका रेझिस्टरवरून जातो. तो जळला की कमी वेग मरतो, फॅन थेट मोठ्या वेगालाच लागतो, तोही काटा चढल्यावर. तुमच्या गाडीत असंच असेल तर "फॅन तर चालतोय की" म्हणून मेकॅनिक परत पाठवेल आणि पर्वरीत काटा पुन्हा वर जाईल. मोटर म्हातारी झाली की तीही फिरते, पण दमाने. समुद्राजवळ राहणाऱ्यांच्या गाड्यांत हे मी वारंवार बघतो: बेअरिंग खाऱ्या हवेने गंजतात. बॅटरी सोडवून पातं बोटाने ढकला. सैलपणे दोन-तीन फेरे मारून थांबलं पाहिजे. हात काढल्याबरोबर अडलं किंवा खरखरलं तर मोटर शेवटाला आली. चालू फॅनसमोर, जाळीच्या बाहेरच्या बाजूला वर्तमानपत्राचा कागद धरा. तो जाळीला चिकटून राहायला हवा. नुसता फडफडत असेल तर हवा खेचली जात नाही, मग कारण मोटर असो की कचरा.

कचऱ्याबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण गोव्यात जाळी बंद होण्याची तऱ्हाच वेगळी आहे. समोरून बघितलं तर सगळं स्वच्छ दिसतं. पण कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्यामध्ये बोटभर फट असते आणि सगळं तिथे जाऊन बसतं. वरच्या पट्टीचे स्क्रू काढून टॉर्च मारली की दिसतं: तांबड्या मातीचा पापुद्रा, त्यात अडकलेले किडे, किनाऱ्यावरची गाडी असेल तर सुरूची सुईसारखी पानं, सगळं मिळून पायपुसण्यासारखा जाड थर. डिचोली-साखळीकडे ज्यांनी खाणीच्या ट्रकांमागून वर्षानुवर्षं गाडी चालवली त्यांच्याकडे हा थर विटेच्या रंगाचा असतो. पावसाळ्यात माती चिखल होऊन आत जाते आणि ऑक्टोबरच्या उन्हात तिचं प्लास्टर होतं. म्हणूनच चवथीपर्यंत बरी चालणारी गाडी दिवाळीच्या सुमारास तापायला लागते आणि मालकाला वाटतं की अचानक काहीतरी मोडलं.

धुताना इंजिन थंड हवं. पाणी आतून बाहेर, म्हणजे इंजिनाच्या बाजूने बंपरकडे मारायचं. समोरून मारलं तर कचरा आणखी आत ठोकला जातो. साधी बागेची नळी पुरे. सर्व्हिस सेंटरवाला प्रेशरची बंदूक जवळ धरायला लागला तर त्याला थांबवा, ॲल्युमिनियमच्या पातळ पापण्या आडव्या होतात आणि मग हवेला जागाच उरत नाही. आधी भिजू द्या, हवं तर भांड्याचा पातळ साबण शिंपडा, दहा मिनिटांनी सावकाश धुवा. खाली तांबडं पाणी वाहायचं थांबेपर्यंत. फॅनच्या मोटरवर आणि कनेक्टरवर प्लास्टिकची पिशवी बांधायला विसरू नका. धुताना पापण्या पांढऱ्या भुकटीसारख्या हाताला आल्या तर मात्र धुण्याचा उपयोग नाही. ते मिठाने खाल्लेलं ॲल्युमिनियम आहे. कळंगुट, मिरामार, बायणा भागातल्या जुन्या गाड्यांत पापणी नळीपासून सुटलेली असते. जाळी दिसायला जाळी असते, उष्णता काढत नाही. ती बदलायची.

माझा अंदाज विचाराल तर तुमचं निम्म्याहून अधिक दुखणं इथेच संपेल.

राहिलं कमी होणारं पाणी. पाणी तीनच ठिकाणी जाऊ शकतं: बाहेर जमिनीवर, वाफ होऊन टोपणातून, किंवा इंजिनाच्या पोटात. सुरुवात टोपणापासून करा, कारण सगळ्यांत स्वस्त तेच आहे आणि सगळ्यांत दुर्लक्षितही. थंड गाडीचं टोपण काढून उलटं करा. खाली रबराची चकती दिसेल, तिच्यावर नखाने दाब द्या. चांगलं रबर मऊ असतं आणि कडेचा वळ एकसारखा असतो. तडे गेलेत, कडक झालंय, एका बाजूला खाच पडलीय, तर ते दाब धरत नाही. मधोमध छोटी पितळी किंवा स्टीलची वाटी असते, ती नखाने ओढली की हलली पाहिजे आणि सोडली की टचकन बसली पाहिजे. इंजिन थंड होताना बाटलीतलं पाणी परत रेडिएटरमध्ये ओढलं जातं ते याच झडपेतून. ती अडकली की दोन खुणा दिसतात: बाटली भरून वाहते पण रेडिएटर रिकामा, आणि सकाळी वरचा पाईप आतून कोणी चोखल्यासारखा चपटा. टोपणावर जो आकडा छापलाय त्याच आकड्याचं नवीन घ्या. जास्त दाबाचं लावलं तर गाडी तापणार नाही, असं सांगणारे भेटतील; तो दाब मग जुन्या पाईपवर आणि प्लास्टिकच्या टाकीवर निघतो.

दाब न धरणारं टोपण आणि मंद फॅन ही जोडी एकत्र असली की तुमच्यासारखी कहाणी तयार होते. उभ्या गाडीत पाणी तापतं, दाब नसल्यामुळे लवकर उकळतं, बाटलीतून वाफ होऊन जातं, आणि आठवड्याला पाणी घालावं लागतं. कुठेही थेंब दिसत नाही, म्हणून दुसऱ्या गॅरेजवाल्याचा संशय थेट हेडवर गेला असावा.

तरीही गळती बघाच. रात्री इंजिनाखाली पांढरा पुठ्ठा सरकवून ठेवा. एसीचं पाणी स्वच्छ असतं, बोटांत चोळलं तर पाण्यासारखंच लागतं. कूलंट बुळबुळीत लागतं, रंग असतो आणि वास गोडसर येतो. चाखून मात्र बघू नका. इथिलिन ग्लायकॉल विषारी आहे आणि गोड चवीमुळे कुत्री-मांजरं ते चाटतात, थोडंसंसुद्धा त्यांच्या किडनीला पुरतं. पुठ्ठा कोरडा असेल तर पाईपांची टोकं, क्लिपा, रेडिएटरच्या प्लास्टिक टाकीचा सांधा आणि पंपाखालचं छोटं भोक बघा. कूलंट वाळलं की मागे पांढरट, हिरवट किंवा गुलाबी खार राहतो. पंपाच्या त्या भोकातून ओघळ दिसला तर आतलं सील गेलं. पंप बदलण्याला पर्याय नाही. पंप टायमिंग बेल्टवर चालणारा असेल तर बेल्टही त्याच खेपेला बदला, मजुरी एकच लागते. डाव्या सीटसमोरचा गालिचा ओला आणि काच आतून तेलकट धुरकट होत असेल तर हीटरची छोटी जाळी गळतेय. गोव्यात हीटर कोणी लावत नाही, त्यामुळे हे महिनोन्महिने कळत नाही.

गळती दिसली म्हणून हळद किंवा बाजारात मिळणारी लीक बंद करायची पावडर टाकू नका. जुने ट्रकवाले हळदीने जाळीची भोकं बुजवून मुक्काम गाठायचे हे खरं आहे, पण त्या जाळ्यांच्या नळ्या रुंद होत्या. आजच्या रेडिएटरच्या नळ्या इतक्या बारीक असतात की भोकाबरोबर वाटही बुजते.

तुम्ही "पाणी घालतो" असं लिहिलंय, कूलंट नाही. इथे बऱ्याच जणांचं म्हणणं असतं की आपल्याकडे बर्फ पडत नाही, मग कूलंट कशाला. बर्फ न होऊ देणं हे त्याचं एक काम. इथल्या गाडीला त्याची बाकीची दोन कामं लागतात, गंज रोखणं आणि उकळबिंदू वर नेणं. आठवड्याला पाव लिटर साधं पाणी वर्षभर घातलंत की आत कूलंट नावालाच उरतं. त्यातून पाणी कुठलं, हाही प्रश्न. किनाऱ्यालगतच्या कितीतरी विहिरींचं पाणी मे महिन्यात मचूळ होतं. मीठ ॲल्युमिनियमच्या हेडला आतून खातं. बाटलीतलं पाणी गढूळ तपकिरी असेल तर समजा ते काम सुरू झालंय. सगळं पाणी काढा, डिस्टिल्ड पाण्याने स्वच्छ येईपर्यंत धुवा, आणि गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेल्या प्रकारचं कूलंट भरा. रंगावर जाऊ नका, वेगवेगळ्या कंपन्या एकाच रंगात वेगळी रसायनं विकतात. दोन प्रकार एकत्र केले तर गंजरोधक गुण लवकर संपतात आणि कधीकधी चिकट साका होतो. कॉन्संट्रेट असेल तर बाटलीवरचं प्रमाण पाळा, बहुधा अर्धं-अर्धं. रेडीमिक्स असेल तर त्यात थेंबभरही पाणी नको. जास्त दाट कूलंट जास्त थंड करतं हाही गैरसमज आहे, उष्णता वाहून नेण्यात पाणीच सरस. काढलेलं जुनं कूलंट गटारात किंवा माडाच्या आळ्यात ओतू नका, डब्यात भरून गॅरेजला द्या.

आता थर्मोस्टॅट. तो काढण्याचा सल्ला आपल्याकडे इतका सर्रास दिला जातो की कंपनीने तो चुकून बसवलाय असं वाटावं. थर्मोस्टॅट नसला की इंजिन कामाच्या तापमानाला उशिरा पोचतं, कॉम्प्युटर इंजिन थंड समजून जास्त पेट्रोल देत राहतो, ॲव्हरेज पडतं, झीज वाढते. काही इंजिनांत तर थर्मोस्टॅट उघडताना त्याचं खालचं बूड बायपासची वाट बंद करतं; तो काढला की ती वाट कायम उघडी, बरंचसं गरम पाणी रेडिएटरला वळसा घालून परत इंजिनात. म्हणजे थंड व्हावी म्हणून काढला आणि घाटात जास्तच तापली. शंका असेल तर तपासून बघा. गाडी तापत जाताना वरचा पाईप गरम झाला, काटा मधोमध आला, त्याच्याही पुढे गेला, पण खालचा पाईप गारच राहिला, तर थर्मोस्टॅट उघडत नाही किंवा जाळी आतून बंद आहे. पाईपला हात लावताना फिरता पट्टा आणि फॅन यांच्यापासून दूर. काढून तपासायचा तर जुन्या टोपात पाण्यात दोऱ्याने लोंबकळत ठेवा आणि उकळवा. त्यावर 82, 88 असा आकडा कोरलेला असतो, त्या सुमारास उघडायला सुरुवात झाली पाहिजे आणि पाणी खळखळेपर्यंत बराच उघडला पाहिजे. टोप पुन्हा स्वयंपाकघरात नेऊ नका. बसवताना त्यावरची छोटी हलती पिन वरच्या बाजूला ठेवा, हवा तिथूनच निसटते.

हेडची भीती घालवण्यासाठी, किंवा खरी आहे का ते कळण्यासाठी, सकाळी थंड इंजिनाचं टोपण काढा, पाणी काठोकाठ भरा आणि स्टार्ट करा. सुरुवातीचे एक-दोन बुडबुडे चालतात. सतत बारीक बुडबुड्यांची माळ येत राहिली, रेस दिल्यावर पाणी उसळलं, तर सिलिंडरचा गॅस पाण्यात येतोय, हेड पॅकिंग गेलं. हेच पाईपावरूनही कळतं: टोपण लावून थंड इंजिन सुरू केल्यावर मिनिटभरातच वरचा पाईप दगडासारखा झाला तर लक्षण वाईट, कारण एवढ्यात पाणी तापून दाब यायला वेळच मिळालेला नसतो. सायलेन्सरमधून गरम झाल्यावरही न थांबणारा पांढरा गोडसर धूर हे दुसरं लक्षण. तिसरं सगळ्यांना ठाऊक असलेलं, ऑइलच्या टोपणाखाली दुधाळ मलई. पण इथे सावध राहा. जून ते सप्टेंबर आपल्याकडची हवा ओलीचिंब असते आणि जी गाडी घर ते बाजार एवढीच फिरते तिच्या टोपणाखाली दमटपणाने मलई साचतेच. डिपस्टिकवरचं ऑइल स्वच्छ असेल तर ती मलई पुसा आणि गाडी एकदा मडगावपर्यंत फिरवून आणा. डिपस्टिकवरच चहासारखं ऑइल दिसलं तर मात्र गाडी स्टार्टसुद्धा करू नका, टो करून न्या. गॅरेजवाला तरीही हेडच म्हणाला तर त्याला रेडिएटरच्या तोंडावर धरायच्या निळ्या द्रवाच्या टेस्टरने तपासायला सांगा. गॅस येत असेल तर निळा द्रव पिवळा होतो. या तपासणीचा खर्च हेड उतरवण्याच्या मजुरीपुढे किरकोळ आहे.

तोवर रस्त्यात काटा चढला तर एसी बंद, काचा खाली आणि हीटर पूर्ण गरम करून ब्लोअर मोठा. घामाघूम व्हाल, पण हीटर म्हणजे एक छोटा रेडिएटरच, तो इंजिनाची उष्णता आत ओढून घेतो. तेवढ्याने काटा उतरायला लागला नाही तर डावीकडे घेऊन थांबा आणि इंजिन बंद करा. नव्या छोट्या गाड्यांत काटाच नसतो, निळा आणि लाल दिवा असतो. लाल लागला की "पुढच्या पंपापर्यंत जाऊ" हा विचार नको, ॲल्युमिनियमचं हेड वाकायला फार वेळ लागत नाही. आणखी एक फसवी गोष्ट: वर गेलेला काटा गाडी तशीच तापलेली असताना अचानक शून्याकडे पडला तर खूश होऊ नका. सेन्सरभोवती पाणीच उरलेलं नाही, तो वाफेत लोंबकळतोय. वाफ येत असताना बॉनेट उघडू नका, आणि तापलेल्या इंजिनावर किंवा आत थंड पाणी ओतू नका, हेडला तडा जातो. निवल्यावर पिण्याच्या बाटलीतलं पाणी चालेल. खाडीचं नाही, आणि पुलाखालच्या नदीचंही नाही. मांडवी-झुआरीत भरतीचं खारं पाणी उन्हाळ्यात खूप आतपर्यंत चढतं.

घाटात गाडी तापवणारे बरेच जण वरच्या गिअरवर रेटत असतात. खालच्या गिअरला घ्या. इंजिनाचे फेरे वाढले की पंपही जोरात फिरतो. आणि थांबाल तेव्हा चाकांना हात न लावता नुसता जवळ नेऊन बघा. एकच चाक भट्टीसारखं तापलं असेल तर ब्रेकचं कॅलिपर जाम आहे आणि इंजिन त्याच्याशी झुंजून तापतंय. जहाजावर असणाऱ्या तारवटींच्या गाड्या सहा-सहा महिने अंगणात उभ्या असतात, त्यांच्यात हे हमखास सापडतं. उंदराने फॅनची वायर कुरतडलेलीही तिथेच सापडते.

पाणी बदललंत किंवा पाईप काढलात तर हवा काढल्याशिवाय काम पूर्ण झालं असं समजू नका. गाडीचं तोंड चढावर करून उभी करा, गोव्यात अशी जागा शोधावी लागत नाही. हँडब्रेक ओढा, चाकांना दगड लावा. हीटर पूर्ण गरमवर, टोपण उघडं, थंड असतानाच इंजिन सुरू. पातळी खाली जाईल तसं कूलंट भरत जा. हवा काढायचा स्क्रू असेल तर त्यातून सलग धार येईपर्यंत सैल ठेवा. बुडबुडे थांबून हीटरमधून गरम हवा येऊ लागली की टोपण लावा आणि फॅन दोनदा लागून बंद होईपर्यंत थांबा.

तुमच्या गाडीसाठी क्रम असा ठेवा: रविवारी सकाळी फॅनची कागदाची चाचणी, मग जाळी धुणं, मग नवीन टोपण, मग कूलंट. सोमवारी गाडी थंड असताना बाटलीवर मार्करने पातळीची रेघ मारा आणि नेहमीच्या वेळेला, एसी लावून, पर्वरीमार्गेच जा. शक्य असेल तर ओबीडीचा (गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे वाचणारा) ब्लूटूथ डोंगल घ्या आणि मोबाइलवर तापमानाचा आकडा बघा. काटा बऱ्याच गाड्यांत आळशी असतो, 80 ते 105 मध्ये कुठेही असला तरी मधोमध दाखवतो. रांगेत आकडा 100 च्या आसपास जाऊन फॅन लागल्यावर उतरला तर फॅन आणि जाळी ठीक. पुढच्या सोमवारी पातळी रेघेवरच असेल तर जुनं टोपण आणि तापणं हेच पाणी घालवत होतं. खाली गेली असेल तर गॅरेजमध्ये जाऊन प्रेशर टेस्ट (दाब देऊन गळती शोधणं) मागा, थर्मोस्टॅट काढणाऱ्याकडे नव्हे, ज्याच्याकडे टेस्टर आहे त्याच्याकडे.